पावसाळ्यात पावडर कोटिंगवर पुन्हा पुन्हा पडणारे खड्डे: उगम कसा शोधावा

जून सरत आला की चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींतील जॉब-वर्क करणाऱ्या पावडर कोटिंग शॉपमधून (जिथे धातूच्या नगांवर कोरडी रंगपावडर विद्युतभाराने चिकटवून ओव्हनमध्ये भाजतात) एक ठरावीक तक्रार ऐकू येऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत ज्या लाइनवरून, ज्या पावडरने आणि ज्या ऑपरेटरांच्या हातून निर्दोष माल निघत होता, त्याच लाइनवर आता ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येक जिगवर (नग टांगण्याच्या चौकटीवर) दोन-चार नगांना तरी टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडलेले असतात. मग पावडरचा बॅच बदलला जातो, पावडर फवारणाऱ्या गनचा व्होल्टेज कमी-जास्त केला जातो, कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडले जाते, आणि या धडपडीतल्या कशाने तरी दोन दिवस माल बरा निघतो. तिसऱ्या दिवशी खड्डे परत येतात. मी गुणवत्ता विभागात काम करत असताना अशा दोन पावसाळ्यांत रिवर्कचे, म्हणजे पुन्हा दुरुस्त कराव्या लागणाऱ्या मालाचे, ढीग उपसले आहेत, आणि ते दोन हंगाम वाया जाण्याचे कारण खड्डे अवघड होते हे नसून, आम्ही दर वेळी एकाच दिवशी तीन गोष्टी बदलत होतो आणि त्यामुळे नेमक्या कशाने फरक पडला हे आम्हाला कधीच कळत नव्हते, हे होते. म्हणून पुढील विवेचनात उपायांपेक्षा कारण वेगळे काढण्याच्या पद्धतीवर अधिक भर दिला आहे.

खड्डा कसा तयार होतो हे समजले की शोध सोपा होतो. ओव्हनमध्ये गेलेली पावडर साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून पातळ होते, पृष्ठभागावर पसरते आणि तापमान वाढत गेल्यावर रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. ती पातळ असण्याच्या मोजक्या मिनिटांत तिच्या खाली, आत किंवा वर तेलाचा किंवा सिलिकोनचा सूक्ष्म कण असेल, तर त्या कणाचा पृष्ठताण वितळलेल्या रेझिनपेक्षा (पावडरमधील राळेपेक्षा) कमी असल्याने रेझिन त्याच्यापासून चहूबाजूंनी मागे सरते. मागे सरलेला माल कडेला साचून किंचित उंच कंगोरा तयार होतो आणि त्याच अवस्थेत थर गोठतो. म्हणजे खड्डा दिसतो ओव्हननंतर, पण त्याचे बीज त्याआधीच्या कोणत्याही टप्प्यावर पडलेले असू शकते. गन हाताशी असते म्हणून लगेच गनला हात घातला जातो, आणि माझ्या अनुभवात गन सर्वांत कमी वेळा दोषी निघाली आहे.

आधी खड्डा नीट पाहावा

शॉपमध्ये सगळ्याच छिद्रांना सरसकट ‘पिनहोल’ म्हणण्याची सवय असते आणि तिथेच पहिली चूक होते. साध्या २० ते ३० पट भिंगाखाली नग धरला तर तीन वेगवेगळे दोष ओळखता येतात. कडेला उंच कंगोरा असलेला, बशीसारखा गोल खड्डा हा तेल, ग्रीस, सिलिकोन किंवा न जुळणाऱ्या परक्या पावडरचा असतो. सुईने टोचल्यासारखे, कंगोरा नसलेले बारीक छिद्र हे आतून वायू किंवा वाफ बाहेर पडल्याचे असते. ते बहुधा अॅल्युमिनियमच्या डाय-कास्ट नगांवर, बिडाच्या कास्टिंगवर, गरम जस्तलेपन केलेल्या पत्र्यावर किंवा थर फार जाड झालेल्या ठिकाणी दिसते. तिसरा प्रकार बॅक आयोनायझेशनचा. गनचा व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त असला, गन नगाच्या फार जवळ धरली किंवा अर्थिंग कमकुवत असले, तर थरात साचलेला विद्युतभार फुटून बाहेर पडतो आणि तारकेसारख्या बारीक खुणा उठतात.

या तिसऱ्या प्रकाराची खात्री अगदी स्वस्तात होते. नग ओव्हनमध्ये जाण्याआधी, पावडर कोरडी असतानाच, तिरप्या धरलेल्या टॉर्चच्या उजेडात पाहावा. खुणा तिथेच दिसल्या तर ओव्हन, कोटिंगआधी नग धुऊन तयार करण्याच्या टाक्या आणि हवा यांचा काही संबंध नाही. हुकांवर साठलेली जुनी पावडर जाळून किंवा खरवडून काढावी, नग आणि जमीन यांच्यातील रोध मेगरने (मोठा विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून तो १ मेगाओहमपेक्षा कमी असल्याची खात्री करावी, आणि व्होल्टेज उतरवावा. कास्टिंगवरील पिनहोलसाठी नग कोटिंगआधी बेकिंगच्या तापमानापेक्षा २०-३० अंश अधिक तापवून त्यातील वायू घालवणे आणि वायू सहज बाहेर पडू देणारी पावडर वापरणे हा नेहमीचा मार्ग आहे. पावसाळ्याशी या दोन प्रकारांचे नाते दूरचे आहे, त्यामुळे त्यांना इथेच सोडून कंगोऱ्याच्या खड्ड्याकडे वळू.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट पाहावी: खड्ड्याच्या तळाशी धातू दिसतो की पावडरचाच थर दिसतो? तळ धातूपर्यंत उघडा असेल तर घाण बहुधा धातूवरच होती, म्हणजे संशय टाक्यांवर, पुसण्याच्या कापडावर किंवा वाळवताना मारलेल्या हवेवर जातो. तळाशी रंग शिल्लक असेल तर घाण पावडरबरोबर किंवा पावडर बसल्यानंतर आली असण्याची शक्यता जास्त. हा नियम अचूक नाही, कारण तेलाचा थेंब मोठा असला तर तो वरून पडूनही थर तळापर्यंत उघडू शकतो; पण शोधाची दिशा ठरवायला तो पुरतो.

मग खड्ड्यांचा नकाशा काढावा. कागदावर जिगचे रेखाटन करून दिवसभरातील प्रत्येक खराब नगाची जागा आणि वेळ तिथे टिंबाने नोंदवावी. खड्डे नगाच्या खालच्या कडेला आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यांत असतील तर टाकीतून बाहेर येताना चिकटलेले तेल, वरच्या आडव्या पृष्ठभागावर असतील तर कन्व्हेयरच्या साखळीतून किंवा ओव्हनच्या छतावरून पडणारे थेंब, सर्व बाजूंना विखुरलेले असतील तर हवा किंवा पावडर, आणि हाताने धरण्याच्या जागीच असतील तर हातमोजे, असा तर्क बांधता येतो. सकाळच्या पहिल्या तासात खड्डे भरपूर आणि दुपारनंतर तुरळक, असा क्रम दिसला तर हवेच्या नळ्यांकडे जावे. त्याचे कारण पुढे येईल.

चार पत्र्यांची चाचणी

तर्काला पुराव्याची जोड हवी. त्यासाठी एकाच पत्र्यातून कापलेले, साधारण तळहाताएवढे चार तुकडे घ्यावेत. पहिला तुकडा स्वच्छ, न वापरलेल्या कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन वेळा पुसावा, प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्यावी, आणि तो टाक्यांतून न नेता, त्यावर हवा न मारता, थेट नेहमीच्या गनने आणि नेहमीच्या पावडरने कोट करावा. दुसरा तुकडा सातही टाक्यांतून नेऊन ड्रायिंग ओव्हनमध्ये वाळवावा, पण त्यावर हवेची नळी मारू नये. तिसरा दुसऱ्यासारखाच, फक्त नेहमीप्रमाणे हवेने झटकून कोरडा केलेला. चौथा पहिल्यासारखाच अल्कोहोलने पुसलेला, मात्र त्यावर कोटिंगआधी हवेच्या नळीने एकाच जागी, एका वितीवरून, पाच मिनिटे हवा मारलेली. पुसण्याचे काम बूथपासून (फवारणीच्या कक्षापासून) आणि ओव्हनपासून दूर करावे, कारण अल्कोहोलची वाफ ज्वालाग्राही असते; तसेच कापूस वेस्टचा गोळा या कामासाठी कधीही वापरू नये, कारण त्यात आधीच कुठले तेल मुरलेले आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

चारही तुकडे एकाच वेळी, एकाच जिगवर, एकाच ओव्हनमधून काढावेत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिला स्वच्छ आणि दुसरा खराब असेल तर दोष टाक्यांत आहे. दुसरा स्वच्छ आणि तिसरा खराब असेल तर झटकण्याच्या हवेत आहे. चौथ्यावर हवेच्या झोताच्या जागीच खड्ड्यांचा पुंजका दिसला तर वेगळा पुरावा शोधायला नको. पहिलाच खराब निघाला तर गनला जाणारी हवा, पावडर किंवा ओव्हनचे वातावरण यांपैकी एक दोषी आहे. तेव्हा अल्कोहोलने पुसलेल्या तुकड्यांवरच पुढची फोड करावी: एक तुकडा सीलबंद खोक्यातील ताज्या पावडरने, स्वच्छ केलेल्या हॉपरमधून (गनला पावडर पुरवणाऱ्या डब्यातून) कोट करावा, आणि एक नेहमीच्या पावडरने कोट करून प्रयोगशाळेच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजावा. ताज्या पावडरनेही खड्डे पडले आणि छोट्या ओव्हनमध्येही पडले, तर उरते ती गनची हवा.

या चाचणीला अर्धी पाळी लागते. उत्पादन व्यवस्थापकाला ती अर्धी पाळी देणे जिवावर येते, हे मी जवळून पाहिले आहे. पण तेवढ्याच वेळात रिवर्कला किती नग जातात हे त्याच्यासमोर मोजून दाखवले की परवानगी मिळते. एक अट मात्र पाळावी लागते: चाचणी चालू असताना इतर काहीही बदलू नये, मग समोर कितीही उघड दोष दिसत असला तरी.

हवेची बाजू

पावसाळ्यातील खड्ड्यांच्या बाबतीत मी सर्वाधिक वेळ याच भागावर घालवतो, आणि एका साध्या हिशेबावरून त्याचे कारण पटेल. जुलैमध्ये पुण्याच्या परिसरात तापमान २६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) क्षमतेचा, म्हणजे तासाला सुमारे १७० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर आठ तासांच्या पाळीत अशा हवेबरोबर २८ लिटरच्या आसपास पाणी आत घेतो. ही हवा ७ बार दाबाला दाबून ३५ अंशांपर्यंत थंड केली की मूळ घनमीटरमागे ती जेमतेम ५ ग्रॅम पाणी वाफेत धरून ठेवू शकते. उरलेले, म्हणजे पाळीमागे २० लिटरच्या वर पाणी, रिसीव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) आणि हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरच्या आधीच द्रवरूप होते. मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना आत येणारे पाणी घनमीटरमागे सुमारे ९ ग्रॅम असते, त्यामुळे त्याच हिशेबाने द्रवरूप होणारे पाणी फार तर सहा लिटरच्या घरात राहते. म्हणजे हवेतील बाष्प सव्वादोन पट वाढते, पण ड्रेनवर येणारा भार जवळजवळ चौपट होतो. मेमध्ये अर्धवट तुंबलेला, पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह कोणाच्या लक्षातही येत नाही आणि जुलैमध्ये तोच सगळी लाइन बुडवतो.

पुढची साखळी अशी चालते. निचरा न झालेले पाणी थेंबांच्या रूपात ड्रायरमध्ये शिरते. रेफ्रिजरेटेड ड्रायरचे काम हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) ३ अंशांच्या आसपास आणण्याचे असते, परंतु कॉम्प्रेसरच्या खोलीत कोटिंगची धूळ उडत असेल तर त्याच्या कंडेन्सरच्या पट्ट्यांवर पावडरचा थर बसून तो आधीच दमलेला असतो. मग ओलसर हवा फिल्टरांपर्यंत पोहोचते. तेलाचे तुषार पकडणारा कोअलेसिंग फिल्टर पाण्याने चिंब झाला की कॉम्प्रेसरमधून आलेले तेल पुढे सरकते, आणि त्यानंतरचा सक्रिय कार्बनचा फिल्टर, जो तेलाची वाफ शोषण्यासाठी असतो, तो तेल आणि ओल या दोन्हींनी भरून जातो. इथे एक फसगत आहे. फिल्टरच्या डोक्यावरील दाबफरकाचा मीटर धूळ साचल्यावर हिरव्यातून लाल भागात जातो, पण कार्बन तेलाने संपृक्त झाल्यावर दाबात फरक पडत नाही. काटा हिरव्यातच राहतो आणि फिल्टर मात्र केव्हाच निकामी झालेला असतो. म्हणून कार्बन फिल्टर मीटर पाहून न बदलता तासांच्या हिशेबाने बदलावा, आणि पावसाळ्यात उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावा. वर्षभर न बदललेला कार्बन एलिमेंट हातात घेऊन पाहिला आणि त्याला तेलाचा वास आला, की बाकीचा तपास बराचसा आपोआप संपतो.

सकाळच्या पहिल्या तासाचे कोडेही इथेच सुटते. ड्रायर नीट चालत नसेल तर ओलाव्याने भरलेली हवा पत्र्याच्या छताखालून जाणाऱ्या मुख्य नळीत रात्रभर उभी राहते. पावसाने नळी थंड होते, आतील बाष्पाचे पाणी होते आणि त्याबरोबर नळीच्या आतल्या भिंतीवर जमलेले जुने तेल सुटून सखल भागात येऊन बसते. सकाळी पहिली गन चालू होताच हे मिश्रण थेट हॉपरमध्ये आणि गनमध्ये ढकलले जाते. मुख्य नळीला वाहण्याच्या दिशेने थोडा उतार आणि सर्वांत खालच्या टोकाला ड्रेन कॉक असावा, तसेच गनकडे जाणारी प्रत्येक फांदी मुख्य नळीच्या वरच्या बाजूने काढून हंसाच्या मानेसारखी खाली वळवलेली असावी. फांदी खालून काढली तर नळीतले पाणी सरळ तिच्यात उतरते. जुन्या शेडमध्ये प्लंबरने पाण्याच्या नळासारखी फांदी खालून काढलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि तिथे कितीही महाग ड्रायर बसवला तरी ओलावा काही हटत नाही.

हवेचा दर्जा ठरवून घ्यायचा असेल तर आयएसओ ८५७३-१ या मानकाचा आधार घेता येतो. त्यातील ओलाव्याचा वर्ग ४ म्हणजे दाबाखालील दवबिंदू ३ अंशांपर्यंत, आणि तेलाचा वर्ग १ म्हणजे घनमीटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. मात्र रोजच्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. गनच्या तोंडाशी, म्हणजे शेवटच्या फिल्टरनंतरच्या जोडावर, स्वच्छ आरसा किंवा पांढरा फिल्टर पेपर धरून दहा मिनिटे हवा सोडावी. आरशावर धुरकट पट्टा किंवा कागदावर पिवळसर, पारदर्शक डाग दिसला की हवा नापास. ही तपासणी कॉम्प्रेसरच्या खोलीत करण्यात अर्थ नाही, कारण तिथली हवा शुद्ध असूनही पन्नास मीटर नळी तिला बिघडवू शकते. आणि ती एका ठिकाणी करूनही भागत नाही: गनला जाणारी हवा, हॉपरमधील पावडर फ्लुइडाइज करणारी, म्हणजे सैल करून वाहती ठेवणारी हवा, बूथच्या फिल्टरांना मागून झटका देणारी हवा आणि नग झटकण्याची नळी, ही चारही तोंडे वेगवेगळी तपासावी लागतात. बहुतेक शॉपमध्ये गनसाठी चांगला फिल्टर असतो आणि झटकण्याची नळी मात्र फिल्टरच्या अलीकडून काढलेली असते, जणू काही नगाला ती हवा लागतच नाही.

टाक्यांची बाजू

दुसरे कारण पावसाळ्याचेच आहे, पण ते आपल्या शेडबाहेर जन्म घेते. फॅब्रिकेटर आणि प्रेस शॉप पावसाळ्यात नग गंजू नयेत म्हणून गंजरोधक तेल अधिक जाड लावतात, काही जण मेणासारखा थर सोडणारे तेल वापरतात, आणि माल त्यांच्याकडे पडून राहिला तर ते तेल सुकून चिवट होते. आपली डिग्रीजिंगची (तेल काढण्याच्या धुण्याची) वेळ आणि रसायनाचे प्रमाण मात्र उन्हाळ्यातलेच राहते. त्यातच डिझेल किंवा गॅस वाचवण्यासाठी टाकीचे तापमान ठरलेल्या ६०-७० अंशांवरून पंचेचाळिसावर आलेले असेल, तर मेणचट थर सुटणे शक्यच नाही. माल स्वीकारतानाच नगावर बोट फिरवून तेलाचा प्रकार पाहावा आणि जाड तेलाच्या लॉटला स्वतंत्र डबल डिग्रीजिंग द्यावे. त्याचे पैसे लागतात हे फॅब्रिकेटरला कळवायला संकोच करू नये.

डिग्रीजिंग टाकीची अल्कलिनिटी (अल्कधर्मी ताकद) टायट्रेशनच्या रासायनिक मोजणीने बरोबर आली म्हणून टाकी चांगली आहे असे समजणे धोक्याचे आहे. रसायनाची ताकद टिकवून टाकीत तेल साचत राहू शकते, आणि ते पृष्ठभागावर तरंगत असेल तर स्वच्छ झालेला नग वर उचलताना पुन्हा त्याच तवंगातून बाहेर येतो. नगाच्या खालच्या कडेचे खड्डे बहुधा याच तवंगाची देणगी असतात. तवंग कडेच्या ओव्हरफ्लोमधून सतत वाहून जाईल अशी व्यवस्था करावी, नाहीतर निदान प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो झाऱ्याने काढावा. स्वच्छतेची तपासणी वॉटर ब्रेक पद्धतीने करावी: धुतलेला नग बाहेर काढल्यावर त्यावरचा पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट सलग टिकला पाहिजे, तो फाटून मण्यांसारखे थेंब जमले तर तेल शिल्लक आहे. ही तपासणी डिग्रीजिंगनंतरच्या पाण्याच्या टाकीतून नग बाहेर काढून करावी, डिग्रीजिंगमधून निघताच नव्हे, कारण रसायनातील साबणासारखा भाग पाण्याचा पापुद्रा खोटेच टिकवून धरतो.

फॉस्फेटिंगकडे, म्हणजे धातूवर फॉस्फेटचा थर देण्याच्या टप्प्याकडे, या दोषाच्या संदर्भात थोडक्यात पाहिले तरी चालते. टोटल अॅसिड आणि फ्री अॅसिडचे पॉइंटेज (टाकीतील आम्लाचे मोजमाप), तसेच टोनरचे (क्रिया वेगवान करणाऱ्या रसायनाचे) गॅस पॉइंट रोज पाहावेत, तळाचा स्लज (गाळ) वेळेवर काढावा. स्लज नगावर बसला तर कंगोऱ्याच्या खड्ड्याऐवजी खरखरीत कण दिसतात, आणि शेवटच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर खड्ड्यांऐवजी पुढे मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत फोड येतात. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे जड पाणी किंवा टँकरचे पाणी शेवटच्या धुण्याला वापरणाऱ्यांना हा दुसरा दोष परिचित असेल. तो वेगळा विषय आहे. इथे एवढेच, की शेवटचे धुणे आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचे असावे, आणि वाळलेला नग दमट हवेत तासन्तास लटकत न ठेवता त्याच पाळीत कोट व्हावा, नाहीतर त्यावर गंजाची पिवळी छटा उठते.

पावडर, ओव्हन आणि माणसे

पावडरवर संशय सर्वांत आधी घेतला जातो, म्हणून तिला इथे मुद्दाम शेवटी घेतले आहे. एसी खोलीत ठेवलेले पावडरचे खोके दमट शेडमध्ये आणून लगेच उघडले तर थंड पावडरवर दव धरते आणि गुठळ्या होतात. खोके बंद ठेवूनच काही तास शेडच्या तापमानाला येऊ द्यावे. बूथभोवतीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. सायक्लोनमधून (न चिकटलेली पावडर हवेतून वेगळी करणाऱ्या यंत्रातून) परत घेतलेल्या पावडरमध्ये बूथमधले सगळे तुषार आणि धूळ येते, म्हणून खड्डे पडत असताना रिक्लेम, म्हणजे ही परत घेतलेली पावडर वापरणे, पूर्णपणे थांबवून फक्त ताज्या पावडरवर एक पाळी काढून पाहावी. एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: पॉलिएस्टर पावडरच्या बूथमध्ये याआधी अॅक्रिलिक पावडर चालली असेल आणि साफसफाई वरवरची झाली असेल, तर अॅक्रिलिकचे थोडे कणही पॉलिएस्टरच्या थरात खड्डे पाडतात. दोन वेगवेगळ्या उत्पादकांची सारख्या रंगाची पावडर एका हॉपरमध्ये मिसळण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

ओव्हनमध्ये कन्व्हेयरच्या साखळीला लावलेले वंगण उष्णतेने पातळ होऊन थेंबाथेंबाने खाली पडते; ते उच्च तापमानाचे, सिलिकोनविरहित असावे आणि साखळीखाली पन्हळ असावी.

सिलिकोन हा मात्र स्वतंत्र शत्रू आहे, कारण तो इतक्या कमी प्रमाणात पुरतो की शोधून सापडत नाही. केसांचे सीरम, हाताची क्रीम, बिजागऱ्यांवर मारायचे स्प्रे, शेजारच्या शेडमध्ये वापरले जाणारे सीलंट, मोल्डमधून नग सुटावा म्हणून मारलेला रिलीज स्प्रे, यांपैकी काहीही चालते. एका वर्षी आम्हाला पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, अचानक सर्व रंगांवर खड्डे दिसू लागले. हवा, टाक्या, पावडर, सगळे तपासून झाले, काही सापडेना. शेवटी उत्पादनाच्या नोंदवहीत दोष सुरू झाल्याची तारीख पाहिली, तेव्हा ती खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. पूजेआधी यंत्रे चकचकीत दिसावीत म्हणून कोणीतरी बूथ, कंट्रोल पॅनेल आणि कन्व्हेयरचे खांब गाडीच्या डॅशबोर्डला वापरतात त्या पॉलिशने चमकवले होते, आणि त्या पॉलिशमध्ये सिलिकोन होते. हळद-कुंकवाने काही बिघडले नव्हते. बूथ, हॉपर, नळ्या आणि फिल्टर असे सगळे उतरवून अल्कोहोलने पुसायला आणि फिल्टर बदलायला दोन दिवस गेले. त्यानंतर पूजेच्या तयारीचे सामान गुणवत्ता विभागाकडून मंजूर करून घ्यावे असा नियम झाला, ज्यावर पुढची काही वर्षे विनोद होत राहिले. नियम मात्र टिकला.

खराब नगांचे काय करावे

खड्डे पडलेल्या नगावर सरळ दुसरा थर मारणे हा सर्वांत महाग शॉर्टकट आहे. खड्ड्याच्या तळाशी तेल किंवा सिलिकोन अजून तसेच असते, त्यामुळे दुसऱ्या थरातही त्याच जागी खड्डा उठतो, आणि थराची एकूण जाडी ६०-८० मायक्रॉनच्या मर्यादेबाहेर जाऊन वर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) व पिनहोल असे नवे दोष येतात. खड्डे थोडे असतील तर तो भाग पॉलिश पेपरने कंगोरा आणि तळ निघेपर्यंत घासावा, अल्कोहोलने पुसावा, आणि मगच पातळ थर द्यावा. दुसऱ्या थरानंतर क्रॉस-कट चाचणीने (थरावर आडवे-उभे काप घेऊन) दोन थरांतील पकड तपासावी. खड्डे दाट असतील किंवा सिलिकोन सिद्ध झाले असेल तर थर पूर्ण उतरवण्याला पर्याय नाही. उतरवलेला माल पुन्हा पहिल्या टाकीपासून न्यावा, मधूनच फॉस्फेटिंगला घालू नये.

कारण सापडून दुरुस्ती झाल्यावर खड्डे बंद होतात, पण ते खरेच त्या दुरुस्तीने झाले की त्या आठवड्यात पाऊस उघडला म्हणून झाले, हा प्रश्न उरतो. त्यासाठी रोज सकाळी पाळी सुरू होताच पहिल्या हुकावर अल्कोहोलने पुसलेला एक पत्रा आणि त्याच्या शेजारी टाक्यांतून आलेला एक पत्रा टांगावा, आणि दोन्ही नेहमीच्या मालाबरोबर भाजून काढावेत. मागच्या बाजूला मार्करने तारीख, वेळ, शेडची आर्द्रता, ड्रायरवरील दवबिंदूचा आकडा आणि त्या दिवशी बदललेली एखादी गोष्ट असल्यास ती लिहावी. नोंदवह्या दिवसअखेर एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, सरासरी आकड्यांनी भरल्या जातात हे आपल्यापैकी कोणालाही नवीन नाही. पत्र्यावरचा खड्डा मात्र नंतर भरता येत नाही. हे पत्रे सप्टेंबर अखेरपर्यंत तारखेच्या क्रमाने एका चौकटीत लावून ठेवावेत, आणि पुढच्या जूनमध्ये पहिला खड्डा दिसताच पावडर पुरवठादाराला फोन करण्याआधी त्या चौकटीसमोर उभे राहून मागच्या वर्षी खड्डे कोणत्या पत्र्यावर आधी उठले होते ते पाहावे.